रेघ कुठून आली: डिजिटल फील्ड मॅपिंग शिकवतानाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

या सत्रात भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना फील्ड मॅपिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत डिजिटल पद्धतीने शिकवायचं आहे. आधी उपग्रह प्रतिमांचा अभ्यास, मग टॅब्लेटवर फील्डच्या नोंदी, शेवटी संगणकावर नकाशा. वर्गात क्यूजीआयएस आणि फील्डवर क्यूफील्ड वापरू. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, त्यामुळे शिक्षण संपल्यावरही ती मुलांच्या हातात राहतील.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवते, कारण पुढची सगळी आखणी तिच्यावर बेतलेली आहे. कागदावर दोन खडकांमधली सीमा काढताना खात्री नसेल तर पेन्सिल आपोआप हलकी चालते. डोळ्यांनी पाहिलेल्या सीमेला सलग रेघ, अंदाजाने काढलेलीला तुटक आणि मातीखाली गेलेलीला ठिपके, ही भूवैज्ञानिक नकाशाची जुनी शिस्त आहे. स्क्रीनवर बोटाने ओढलेली प्रत्येक रेघ मात्र सारखीच ठाम दिसते. ती खडकावर उभं राहून काढली की खोलीत बसून, हे रेघेकडे बघून कळत नाही. सॉफ्टवेअर मुलं पटकन शिकतील, त्याची मला काळजी नाही. रेघ कुठून आली हे रेघेबरोबरच लिहायची सवय लावणं अवघड आहे. हे सत्र त्यासाठी आहे.

कागदी फील्ड डायरी आणि ब्रंटन कंपास (थरांची दिशा आणि कल मोजायचं होकायंत्र) राहणारच. ते बॅगेतून काढायचे नाहीत.

९ जानेवारी

नोंदीचा फॉर्म बनवला. बिंदूंचा एक लेयर, रेषांचा एक. खडकांच्या क्षेत्रांचा लेयर मुद्दाम ठेवला नाही. फील्डवर क्षेत्रं रंगवायला बसलं की मुलं सीमेपर्यंत चालत जाणं टाळतात, हे आधीच्या तुकड्यांमध्ये दिसलं आहे. क्षेत्रं नंतर रेषांवरून तयार होतील.

रेषेच्या प्रत्येक नोंदीला तीन वेगळे प्रश्न जोडले. सीमा तिथे आहे याची खात्री किती? ती नेमकी कशाची सीमा आहे, म्हणजे साधा थरांचा संपर्क की फॉल्ट (खडक तुटून सरकल्याची भेग), याची खात्री किती? आणि तिची जागा किती मीटर इकडेतिकडे असू शकेल? ही विभागणी माझी नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या जीईएमएस या डेटा-रचनेत अस्तित्वाची खात्री, ओळखीची खात्री आणि मीटरमधली स्थान-अचूकता असे तीन स्वतंत्र रकाने असतात. एखादा फॉल्ट आहे हे निश्चित, पण तो दरीत नेमका कुठून जातो हे अनिश्चित, अशी परिस्थिती फील्डवर रोजची असते. तीनही गोष्टींसाठी एकच ‘खात्री’ असा रकाना ठेवला तर हा फरक पुसला जातो.

चौथा रकाना आम्ही जोडला: पुरावा. पर्याय चार. खडक पाहिला, सुटे तुकडे किंवा मातीचा रंग, उपग्रह प्रतिमा, दोन ठिकाणांच्या मधली जोडणी.

ड्रॉपडाउनमध्ये आधीपासून भरलेला पर्याय ठेवायचा नाही, हे इथे ठळक लिहून ठेवते. ‘निश्चित’ हा पर्याय आपोआप भरलेला आला तर दमलेला माणूस तो बदलत नाही. मग सगळा नकाशा निश्चित होतो. रकाना रिकामा असेल तर नोंद जतनच होऊ नये, अशी अट फॉर्ममध्ये घातली.

एका विद्यार्थ्याने विचारलं, “मॅडम, प्रत्येक रेषेला इतकं भरत बसलो तर दिवसभरात चालणार किती?” प्रश्न रास्त आहे. म्हणून खडकाचं लांबलचक वर्णन फॉर्ममधून काढून डायरीत टाकलं. फॉर्ममध्ये टिचक्या, डायरीत वाक्यं आणि रेखाटनं.

१३ जानेवारी

निर्देशांक आणि दिशा यांवर एक पूर्ण तास घेतला. विषय रूक्ष आहे, पण इथे राहिलेली चूक पुढे प्रत्येक बिंदूत उतरते.

जुन्या टोपोशीटचा (सर्वेक्षण नकाशाचा) डेटम, म्हणजे निर्देशांक मोजायचा आधार, वेगळा असतो. तो लक्षात न घेता शीट जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर बसवली तर बिंदू सहज शंभर मीटरच्या वर सरकू शकतो. हे फळ्यावर सांगून पटत नाही, म्हणून एकच नदीचा संगम दोन्ही पद्धतींनी टाकून दाखवला. उंचीचं प्रकरण त्याहून फसवं आहे. काही उपकरणं समुद्रसपाटीपासूनची उंची देतात, काही लंबगोलापासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची), आणि या दोन पृष्ठभागांतला फरक पृथ्वीवर सुमारे उणे १०६ ते अधिक ८५ मीटरपर्यंत जातो. बिंदूची उंची वापरून थराचा उतार काढायचा असेल तर सगळ्या उंच्या एकाच पद्धतीच्या हव्यात.

मग उत्तर दिशा. कंपास चुंबकीय उत्तर दाखवतो, नकाशाची उभी जाळी ग्रिड उत्तर दाखवते आणि खरी उत्तर तिसरीच. यूटीएम या नकाशा-जाळीचा पट्टा ६ अंश रुंद असतो. त्याच्या मध्यरेषेवर ग्रिड आणि खरी उत्तर एक होतात आणि कडेला जाल तशी फारकत वाढते. ४५ अक्षांशावर, पट्ट्याच्या काठाशी ती सुमारे २ अंश भरते. आमचा नियम एकच: सगळ्या दिशा खऱ्या उत्तरेपासून, आणि चुंबकीय फरकाची दुरुस्ती एकदाच, उपकरणात. फोनने दुरुस्ती केलेली असताना सॉफ्टवेअरमध्ये ती पुन्हा केली तर दुरुस्ती दुप्पट होते, आणि नकाशावर सगळे थर शिस्तीत एकाच बाजूला वळलेले असल्याने ही चूक कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

२० जानेवारी

आज उपग्रह प्रतिमा. वर्ग रंगला, वेळ संपल्यावरही मुलं उठेनात.

सुरुवात लँडसॅट या उपग्रहमालिकेतल्या एका गमतीच्या क्रमांकापासून केली. १९८२ मध्ये लँडसॅट ४ वर गेलेल्या थिमॅटिक मॅपर या संवेदकाचे बँड, म्हणजे प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे, तरंगलांबीच्या चढत्या क्रमाने आहेत, फक्त ६ आणि ७ उलटे. सहावा औष्णिक, सातवा २.२ मायक्रोमीटरच्या आसपासचा. सातवा बँड भूवैज्ञानिकांच्या आग्रहामुळे उशिरा जोडला गेला, तोवर आधीचे क्रमांक ठरून गेले होते. त्यांनी तो आग्रह का धरला असेल, हे मुलांनाच शोधायला लावलं. उत्तर प्रयोगशाळेतल्या वर्णपटात आहे. चिकणमातीच्या खनिजांमधला अ‍ॅल्युमिनियम आणि हायड्रॉक्सिल यांचा बंध २.२ मायक्रोमीटरजवळ प्रकाश शोषतो, कॅल्साइट २.३४ च्या आसपास. म्हणजे डोळ्यांना एकसारखे करडे दिसणारे शेल (चिकणमातीचा पापुद्र्यांचा खडक) आणि चुनखडक त्या पट्ट्यात वेगळे वागतात. पण लँडसॅटचा सातवा बँड इतका रुंद आहे की हे दोन्ही शोषणाचे खड्डे त्यातच पडतात. टेरा उपग्रहावरच्या अ‍ॅस्टर संवेदकाने तो भाग अनेक अरुंद बँडमध्ये तोडला होता. त्याचे लघु-अवरक्त बँड २००८ मध्ये निकामी झाले, तरी त्याआधीच्या प्रतिमा अजून उपयोगी आहेत. खडक इतक्या वर्षांत जागचा हलत नाही, ही आपल्या विषयाची मोठी सोय आहे.

नंतर बँडचे भागाकार. लँडसॅट ८ चा चौथा भागिले दुसरा म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा इशारा, सहावा भागिले सातवा म्हणजे चिकणमातीचा. मुलांनी प्रतिमा रंगवल्या आणि एका गटाने ओढ्याकाठचा झळाळता पट्टा दाखवून तिथे चिकणमातीयुक्त खडक असल्याचं जाहीर केलं. मी त्यांना तीच जागा खोट्या रंगांच्या प्रतिमेत पाहायला सांगितली, जवळचा अवरक्त बँड लाल ठेवून (हिरवी पानं त्या बँडमध्ये चमकतात). पट्टा लालभडक निघाला. ती झाडी होती. हिरव्या पानांतलं पाणी सातव्या बँडमध्ये जास्त प्रकाश शोषतं, म्हणून भागाकार तिथेही वाढतो. वाळलेल्या गवताचा तंतूही २.१ आणि २.३ मायक्रोमीटरजवळ शोषतो, त्यामुळे नुसता हिरवा भाग झाकून सुटका होत नाही. तो गट हिरमुसला नाही, उलट पुढचा तासभर त्यांनी दुसऱ्या गटांची क्षेत्रं तपासून दिली.

माझं मत मुलांना स्पष्ट सांगितलं. खडक झाडीने किंवा मातीने झाकलेला असेल तर प्रतिमा खडकाचं नाव सांगत नाही. ती चालायचं कुठे हे सांगते, आणि ते काही कमी नाही. उघडा खडक, खाणीची ताजी कापणी, ओढ्याने खरवडलेला काठ हे सगळं सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटरच्या बँडमध्ये ओळखता येतं. आज प्रत्येक गटाने अशा जागांचा स्वतंत्र लेयर केला. फील्डचा मार्ग त्यावरून ठरेल.

२४ जानेवारी

उंचीचं डिजिटल मॉडेल. एसआरटीएमचं वापरलं, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अवकाश शटलमधून रडारने मोजलेलं, ३० मीटर पिक्सेलचं. त्या रडारला दाट झाडीखालची जमीन दिसली नाही, झाडीचा वरचा भाग दिसला. २००० नंतर खणलेल्या खाणीही त्यात नाहीत. एका विद्यार्थिनीने आजच्या प्रतिमेत सपाट दिसणारी आणि मॉडेलमध्ये टेकडी असलेली जागा स्वतःहून शोधून काढली. तिथे नवी खाण आहे. तिच्या गटाचा पहिला थांबा तोच असणार.

हिलशेडचा, म्हणजे उंचीच्या मॉडेलवर कृत्रिम प्रकाश-सावली टाकण्याचा, खेळ सर्वांकडून करून घेतला. बहुतेक सॉफ्टवेअर वायव्येकडून, ३१५ अंशांवरून, प्रकाश टाकतं. त्या दिशेला समांतर असलेल्या दऱ्या फिक्या पडतात, आडव्या उठून दिसतात. एकाच क्षेत्रावर आधी वायव्येकडून आणि मग ईशान्येकडून प्रकाश टाकून रेषा काढायला सांगितल्या. दोन वेगळे नकाशे आले. दोन्हींतल्या रेषांचा गुलाबचित्र आलेख (कोणत्या दिशेच्या किती रेषा ते दाखवणारा) काढला तर ‘प्रमुख दिशा’सुद्धा बदलली. आता चार दिशांनी तपासल्याशिवाय कुणी रेषा फॉल्ट म्हणून नोंदवणार नाही. तपासल्यावरही पुरावा ‘उपग्रह प्रतिमा’ आणि ओळखीची खात्री ‘शंकास्पद’ असंच लिहायचं. रस्ता, बांध, गाडलेली पाइपलाइन यांच्याही सरळ रेषाच दिसतात.

३ फेब्रुवारी

फील्डवर जाण्याआधी प्रत्येक गटाने भाकित-नकाशा जमा केला. यावर मी आग्रही आहे. प्रतिमा आणि उंचीवरून खडकांच्या सीमा आधी काढायच्या, लेयर कुलूपबंद करायचा आणि नंतर फील्डवर तो चुकताना पाहायचा.

दरी ओलांडताना सीमेचा ‘व्ही’ आकार कुठे वळतो त्यावरून थराचा कल ओळखणं हा सगळ्यात जुना धडा इथे नव्याने जिवंत झाला. आडवा थर समोच्चरेषेबरोबर चालतो, उभा थर टेकडी-दरी न जुमानता सरळ जातो, कललेल्याचा ‘व्ही’ बहुधा थर जिकडे कललेला असतो तिकडे टोक करतो. ओढ्याच्या उतारापेक्षा थर त्याच दिशेला कमी कललेला असेल तर मात्र टोक उलटं होतं. त्रिमित दृश्यात टेकडी फिरवत मुलांनी हे स्वतः पडताळलं. पुस्तकातल्या चार आकृत्या अनेकांना पाठ होत्या, पण कळल्या आज.

सीमेवरचे तीन बिंदू घेऊन थराचा स्ट्राइक (थरावरच्या आडव्या रेषेची दिशा) आणि डिपही (कलाचा कोन) काढले. एक इशारा फळ्यावर कोपऱ्यात ठेवून दिला: थर जेमतेम ४-५ अंश कललेला असेल आणि बिंदू जवळजवळ असतील, तर उंचीतली काही मीटरची चूकही स्ट्राइक कुठल्या कुठे फिरवते.

१० फेब्रुवारी

फील्ड. कललेला वालुकाश्म, शेल आणि चुनखडक यांचा क्रम, त्यांना छेदून जाणारा एक बेसाल्टी डाइक (भेगेत शिरून थिजलेल्या शिलारसाची भिंत).

सकाळी सर्वांनी एकाच वालुकाश्माच्या थरावर मापं घेतली, ब्रंटनने आणि फोननेही. डिप छान जुळले, कारण फोन तो गुरुत्वावरून काढतो. स्ट्राइकच्या बाबतीत फोन एकमेकांशी पटेनात. कुणाच्या फोनच्या कव्हरला चुंबकाचा खटका होता, कुणी हातोडी त्याच थरावर टेकवून ठेवली होती. हे दूर केल्यावर, फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवून घेतल्यावर फरक बराच आटोक्यात आला. दुपारी डाइकजवळ पोहोचलो तेव्हा फोन आणि ब्रंटन दोघेही भरकटले. बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइटपुढे दोन्ही चुंबकीय उपकरणं सारखीच हतबल. तिथे डाइकच्या दोन लांबच्या टोकांवर उभं राहून जीपीएस बिंदू घेतले आणि त्यावरून दिशा काढली. कंपासला पर्याय काय, याचं उत्तर मुलांना उपग्रहाकडून मिळालं, तेही नेमकं हवं तेव्हा.

हा डाइक एका पिक्सेलहून अरुंद आहे, तरी प्रतिमेत झुडपांच्या सरळ ओळीमुळे तो दिसत होता. एका गटाने भाकितात ती रेषा ‘फॉल्ट, शंकास्पद’ अशी नोंदवली होती. आज तिथे ‘डाइक, निश्चित, खडक पाहिला’ अशी नवी रेषा आली. जुनी पुसायची नाही, दोन्ही राहतील.

झूमचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे उभा राहिला. टॅब्लेटवर कितीही मोठं करता येत असल्यामुळे काही जण सीमेचं एकेक वळण काढू लागले. थांबवून हिशेब करायला लावला. आपला नकाशा १:२५,००० चा. त्यावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरच्या आत असतो, कड्याच्या पायथ्याशी संकेत परावर्तित होऊन येतात तेव्हा तो बराच बिघडतो. कागदावर ज्या वळणाची जाडी रेघेइतकीही भरणार नाही त्याच्यामागे वेळ घालवण्यापेक्षा पुढचा ओढा गाठलेला बरा.

११ फेब्रुवारी

शेल कुठे दिसतच नाही. मऊ असल्याने तो झिजून सखल भागात मातीखाली गेला आहे. त्यामुळे वालुकाश्माच्या वर आणि चुनखडकाच्या खाली जे काही आहे त्याच्या दोन्ही सीमा झाकलेल्या.

इथे आमच्या फॉर्मची खरी परीक्षा झाली. एका मुलीने चालता चालता मातीतले पातळ, पत्र्यासारखे तुकडे गोळा केले, ते कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात त्याचे बिंदू घेतले, सगळे बिंदू ‘सुटे तुकडे’ म्हणून. तुकडे उतारावरून खाली घसरतात, म्हणून खरी सीमा बिंदूंच्या वरच्या बाजूला असणार, हे तिने टीपेत लिहिलं आणि स्थान-अचूकता ४० मीटर भरली. “मॅडम, इतकी मोठी संख्या लिहिली तर गुण जातील का?” तिने विचारलं. मी म्हणाले, “तिथे ५ लिहिलं असतंस तर गेले असते.” तिच्या गटातल्या इतरांनी मग आपापल्या कालच्या नोंदी उघडल्या आणि बऱ्याच आकड्यांना वाढवलं.

टॅब्लेटच्या बॅटऱ्या दुपारनंतर धापा टाकत होत्या. डायरी होती, काम थांबलं नाही.

२१ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत डेटा एकत्र केला. क्षेत्रं बनवताना सुटी टोकं, एकमेकांवर चढलेल्या रेषा, मधल्या फटी, हे नेहमीचं निस्तरलं. सॉफ्टवेअर फट आपोआप बुजवायला तयार असतं. फट ‘माहीत नाही’ या कारणाने राहिली असेल तर ती बुजवायची नाही, एवढंच सांगायचं होतं.

जास्त वेळ दिशांच्या सरासरीवर दिला. ३५० आणि १० यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेची दक्षिण. स्प्रेडशीट हे न कुरकुरता करून देतं. मुलांनी दिशांचे सदिश घटक काढून सरासरी घेणारा छोटा पायथन कोड लिहिला आणि तोच डेटा स्टिरिओनेटवरही (थरांच्या दिशा आणि कल एकत्र दाखवणाऱ्या गोल आलेखावर) टाकला. दोन गटांनी स्ट्राइक उजव्या हाताच्या नियमाने (डिप उजवीकडे येईल अशी दिशा धरून) नोंदवला होता, एका गटाने डिपची दिशा. आकडे मिसळले तेव्हा एकाच थराचे दोन पुंजके दिसले, ९० अंशांवर. स्टिरिओनेटने जे एका नजरेत दाखवलं ते तक्त्यात कुणाला दिसलं नव्हतं. पुढच्या वेळी फॉर्ममध्ये रकान्याचं नावच ‘डिपची दिशा’ असेल, निवड ठेवायची नाही.

६ मार्च

नकाशांचं मूल्यमापन. प्रत्येक गटाने तीन पानं दिली: कुलूपबंद भाकित, अंतिम नकाशा आणि त्यावर रेषांचा पुरावा रंगांनी दाखवणारी तिसरी प्रत. हिरवा आणि लाल वापरायचे नाहीत असं आधीच ठरलं होतं, कारण अनेकांना ते एकमेकांपासून वेगळे दिसत नाहीत.

मी गुण तिसऱ्या पानावरून दिले. सर्वांत देखणा नकाशा ज्या गटाचा होता त्यांच्या तिसऱ्या पानावर निम्म्याहून जास्त लांबी ‘मधली जोडणी’ची निघाली. त्यांनी ती प्रामाणिकपणे दाखवली होती, त्याचे गुण मिळाले. चालणं कमी झालं, त्याचे गेले. दुसऱ्या एका गटाने ईशान्य कोपरा कोरा सोडला होता. तोंडी परीक्षेत त्यांना विचारलं, चुनखडक तिथवर जातो असं वाटत नाही का? त्यांचं उत्तर असं: वाटतं, पण भागाकार-प्रतिमेत तिथे गवत आहे, उघडा खडक नाही आणि आम्ही तिथे पोहोचलो नाही. त्या कोपऱ्याला मी पूर्ण गुण दिले.

डेटा पुढच्या तुकडीसाठी साठवला: मूळ नोंदी न बदलता, फॉर्मची आवृत्ती, वापरलेला डेटम, चुंबकीय फरकाची दुरुस्ती कुठे केली त्याची टीप, प्रतिमांच्या तारखा. नवी तुकडी कोऱ्या कागदापासून सुरुवात करणार नाही. ‘मधली जोडणी’ आणि ‘सुटे तुकडे’ या पुराव्याच्या सगळ्या रेषा निवडून वेगळा लेयर केला आहे, त्यांचा पहिला फील्ड मार्ग त्यावरूनच आखायचा. शेलच्या दोन्ही सीमांवर हाताने खोदायचे लहान खड्डे किंवा माती काढायचा ऑगर, यांपैकी काय वापरायचं ते जागेच्या परवानगीवर ठरेल. अर्ज उद्या टाकते.